नाव बदलल्याने स्वदेशी होत नाही

जुलै २०२५मधील घटना आहे. गुजरातेत वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल आणि अन्य संगणकीय सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी खंडित केली. भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. परवान्याचे पैसे आपण पूर्णपणे चुकते केले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे, या कारणास्तव युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि एका अमेरिकी कंपनीने भारतीय भूमीवरील, भारतीय कर्मचाऱ्यांच्या हातातील कामाची कळ फिरवली. नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली खरी, पण आपल्या घराची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे त्या काही दिवसांत साऱ्या देशाला कळून चुकले.

असे काही घडले की आपल्याकडे स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमची मागणी उच्चरवाने होऊ लागते. मागणी रास्तच आहे. परंतु ती करणाऱ्यांपैकी कितीजण पुढचा प्रश्न विचारतात? ती प्रणाली उद्या तयार झाली, तर परवा तिची देखभाल कोण करणार? तिच्यात शिरलेला दोष कोण हुडकणार? ती आतून कशी चालते, हे कोण कोणत्या भाषेत लिहून ठेवणार? उद्घाटनाच्या फिती कापायला पुष्कळ हात मिळतात, राखणीला मिळत नाहीत. स्वदेशीच्या विचाराशी बांधिलकी सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हा प्रश्न टाळू नये.

कारभारी कोण?

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते तो केवळ दर्शनी भाग असतो. त्याखाली, यंत्र आणि त्यावर चालणारी कामे यांच्यामध्ये, एक कारभारी उभा असतो. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरीतील कोणती जागा कोणाच्या नावे करायची, डिस्कवर काय कोठे ठेवायचे, एका कामाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये याची दक्षता कशी घ्यायची, हे सारे तो पाहतो. या कारभाऱ्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. जगात आज सर्वाधिक ठिकाणी चालणारा गाभा म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये त्याची वार्ता जगाला दिली आणि १९९२ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेल्या जीपीएल परवान्याखाली तो सर्वांना खुला केला. कोणीही वापरावा, उघडून वाचावा, बदलावा, वाटावा. अट एकच : बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल, तर तिची मूळ आज्ञावलीही त्याला द्या.

हातातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. नोव्हेंबर २०१७पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सवाचून चालणारा एकही संगणक राहिलेला नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील 'ऐरावत' २०२३ साली त्या यादीत ७५व्या स्थानी झळकला, तोही लिनक्सवरच. म्हणजे आमचा अभिमानाचा विषयही याच पायावर उभा आहे.

हा गाभा आज सुमारे चार कोटी ओळींचा झाला आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल होतात. एवढा पसारा एका माणसाच्या डोक्यात मावणे अशक्य. म्हणून त्याचे भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाला नेमून दिलेला राखणदार आहे. गाभ्याच्या आज्ञावलीतच 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक यादी ठेवलेली असते. कोणता भाग, त्याचा राखणदार कोण आणि त्या भागाची अवस्था काय, हे तीत नोंदलेले असते. ज्या भागाला राखणदार उरलेला नाही, त्यापुढे 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, असा शब्द लिहिला जातो.

हा शब्द केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी नाही. इंटेलने मोठ्या गाजावाजाने आणलेल्या इटानियम या प्रोसेसरसाठीचा भाग २०२१ साली असा अनाथ ठरला आणि जानेवारी २०२४मध्ये आलेल्या ६.७ या आवृत्तीतून तो कायमचा काढून टाकण्यात आला. प्रचंड भांडवल ओतून उभे राहिलेले कामही, सांभाळणारा गेला की जाते. उलट सांभाळणारा असेल, तर एका विद्यार्थ्याच्या हौसेतून जन्मलेले काम तीन दशके ओलांडून जगाचा भार वाहते.

राखणदाराचे काम तरी काय असते? बाहेरून आलेली प्रत्येक दुरुस्ती वाचायची, तिचे कारण विचारायचे, पुरावा मागायचा, नको ती परत पाठवायची. नव्याच्या हव्यासात जुन्यावर चालणाऱ्याचे काम मोडणार नाही, हे पाहायचे. २००३ साली एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरून लिनक्समध्ये आपली मालमत्ता शिरल्याचा दावा केला, तेव्हापासून धडा घेऊन २००४ साली नियम झाला : दुरुस्ती पाठवणाऱ्याने आपले खरे नाव घालून, हे देण्याचा मला अधिकार आहे, अशी सही करायची. पुढे ज्या राखणदाराच्या हातून ती जाते, त्याचीही सही तिच्याखाली पडते. २००५ साली टोरवाल्ड्स यांनीच घडवलेल्या 'गिट' या साधनामुळे कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, याची नोंद कायम राहते. जबाबदारी नावानिशी घेण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात किती ठिकाणी आढळते, याचा विचार वाचकांनीच करावा.

पाटी आमची, घर कोणाचे?

आता आपल्या स्वदेशी प्रयत्नांकडे वळू. सी-डॅकने २००७ साली 'बॉस' ही प्रणाली प्रकाशित केली. ऑगस्ट २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी 'माया' आणण्याचा निर्णय घेतल्याची वृत्ते आली. जानेवारी २०२३मध्ये मद्रास आयआयटीच्या परिसरात जन्मलेली 'भारओएस' मंत्रिमहोदयांच्या उपस्थितीत दाखवण्यात आली. बॉस डेबियनवर, माया उबुंटूवर आणि भारओएस अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीवर आधारलेली आहे. तिन्हींच्या तळाशी गाभा एकच : लिनक्स.

यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. चार कोटी ओळी नव्याने लिहीत बसणे हा शहाणपणा नव्हे. विंडोजच्या गुलामीपेक्षा हा मार्ग शतपटीने श्रेयस्कर, यातही तिळमात्र शंका नाही. आक्षेप आहे तो पाटी बदलली म्हणजे घर आपले झाले, या समजुतीला. घराच्या भिंतीत कोठे ओल आहे, तुळई कोठे पोखरली आहे, हे ज्याला कळते आणि जो ती दुरुस्त करू शकतो, त्याचे घर. बाकीचे भाडेकरू, मग भाडे शून्य रुपये का असेना!

ऑक्टोबर २०२४मध्ये या गाभ्याच्या राखणदारांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियाशी संबंधित नावे एका फटक्यात वगळण्यात आली. कायदेशीर निर्बंधांचे पालन, एवढेच कारण त्या बदलात दिले होते आणि टोरवाल्ड्स यांनी त्याचे समर्थनच केले. रशियाच्या धोरणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. आपल्या दृष्टीने यात दोन बोध आहेत. पहिला धीर देणारा : त्या रशियनांकडून आज्ञावली कोणी काढून घेऊ शकले नाही, परवाना तसे करूच देत नाही. दुसरा डोळे उघडणारा : आज्ञावली सर्वांची असली, तरी दारावरची जागा मात्र काढून घेता येते. १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर भारताच्या कितीतरी वैज्ञानिक संस्था अमेरिकेच्या निर्बंध-यादीत गेल्या होत्या, हे विसरण्याइतके आपण भोळे नाही. असा प्रसंग पुन्हा आला, तर गाभ्याची प्रत आपल्याकडे असेलच. पण ती वाचू शकणारी, तिच्यातील दोष काढू शकणारी, ती स्वतःच्या बळावर पुढे नेऊ शकणारी माणसे किती असतील? स्वदेशीचे खरे मोजमाप तेथे होणार आहे.

आणि संकट केवळ निर्बंधांचेच असते असे नाही. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन होण्यास किंचित विलंब होतो आहे, अशी शंका आली. तिचा माग काढता काढता जगभरच्या लिनक्स यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. 'जिया तान' असे नाव धारण केलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, कामे करून, थकलेल्या एकट्या राखणदाराचा विश्वास संपादन केला होता. भिंत उंच होती, तटबंदी मजबूत होती, पण दारावर एकच थकलेला पहारेकरी होता! २०२३ साली गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या सहा वर्षे सांभाळण्याची मुदत दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले, तेव्हाही राखणदारांवर पडणारा ताण हे एक प्रमुख कारण सांगितले गेले. वापरणारे अब्जावधी आणि सांभाळणारे काही हजार, असे हे विषम प्रमाण आहे.

उपसा आणि पुनर्भरण

या विषमतेचा अर्थ लातूरकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वेगाडी लातूर स्थानकात उभी राहिली. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस कमी पडला हे खरे, पण तेवढेच कारण होते काय? घरोघरी, शेतोशेती विंधनविहिरी घेतल्या गेल्या. जमिनीखालचे पाणी सर्वांचे, म्हणून प्रत्येकाने उपसले. आणि सर्वांचे म्हणूनच ते पुन्हा भरण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. अखेरीस पाणी रुळांवरून मागवावे लागले.

मुक्तस्रोत गाभ्याशी आपले वर्तन नेमके असेच आहे. सरकारी कार्यालये, बँका, दूरसंचार कंपन्या, माहिती-तंत्रज्ञानातील मोठमोठी नावे, सगळे येथून उपसा करतात. परत किती घालतात? भारतीय बुद्धीला हे काम जमत नाही, असे म्हणण्याची सोयच नाही. अनेक प्रोसेसरांनी एकच माहिती एकमेकांना न थांबवता वाचावी, यासाठीची 'आरसीयू' ही युक्ती २००२ साली गाभ्यात आली, तिच्या कामात दीपंकर सर्मा यांचा वाटा होता. प्रोसेसरचा वेग कमीजास्त करून वीज वाचवणाऱ्या भागाची राखण विरेश कुमार यांनी, तर 'डीएमए इंजिन' या भागाची विनोद कौल यांनी केली आहे. भारतात वाढलेल्या शुआ खान गाभ्याच्या स्वयंचाचण्यांचा भाग सांभाळतात आणि नवख्यांना शिकवतात. एवढी नावे घेता येतात, ही अभिमानाची गोष्ट. आपल्या देशाचा आकार पाहता ती बोटांवर मोजावी लागतात, ही शरमेची.

शेजारी चीन काय करतो पाहा. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या ५.१० या आवृत्तीत बदलांच्या संख्येने पहिला क्रमांक ह्वावे या चिनी कंपनीचा होता. अमेरिकेने जिच्यावर निर्बंध घातले, तीच कंपनी सामायिक गाभ्यात सर्वाधिक बदल घालत होती! चीनचा हेतू काय, याविषयी आपण सावध असावेच. पण ज्याला दार राखायचे आहे त्याने दारापाशी माणसे उभी करावी लागतात, एवढे त्यांना समजले आहे.

तीच गोष्ट भाषेची. या गाभ्यासोबत त्याचे लेखी विवरण देणारा एक मोठा विभाग असतो. अमेरिकेचे जोनाथन कॉर्बेट हे दीर्घकाळ त्याचे राखणदार आहेत. त्या विवरणाची भाषांतरे ठेवण्यासाठी स्वतंत्र जागा आहे. तेथे चिनी भाषा दोन्ही लिपींत आहे. जपानी आहे, कोरियन आहे, इटालियन आहे, स्पॅनिश आहे. हिंदी नाही, तमिळ नाही, मराठी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. योग्यच केले. पण ज्या ग्रंथालयात इटालियनची फळी भरलेली आहे, तेथे मराठीची फळी मांडलेलीच नाही, याची खंत किती जणांना आहे?

पोथी राखणाऱ्यांचा प्रांत

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने मान्य केले आहे! व्याख्यानांतून, निरोपांतून हे वाक्य अनेक वर्षे फिरते आहे. वस्तुस्थिती अशी की १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने संस्कृतच्या शास्त्रीय विश्लेषणपद्धतीचा ज्ञानाची मांडणी करण्यास उपयोग होऊ शकेल, असे प्रतिपादन करणारा एक लेख लिहिला. तो वाचनीय आहे. तो नासाचा ठराव नव्हे आणि संस्कृतमध्ये आज्ञावली लिहावी, असेही तो म्हणत नाही. चाळीस वर्षे एका परकीयाचे प्रशस्तिपत्र मिरवण्यापेक्षा त्या दिशेने चाळीस पाने लिहिली असती, तर पाणिनीचा अधिक सन्मान झाला असता.

आपल्या परंपरेत अभिमान बाळगावा अशी खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती नेमकी याच कामाशी जुळणारी आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या पद्धती कशासाठी होत्या? तीच पदे वेगवेगळ्या क्रमाने म्हणून एक अक्षरही ढळणार नाही, ढळलेच तर तत्काळ लक्षात येईल, यासाठी. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ साली, प्रतीप्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे समर्थ कवी असूनही त्यांनी तीत आपली भर घातली नाही. उलट पुढील नकलाकारांनी मूळ ग्रंथात स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत, असा इशारा देऊन ठेवला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, पडताळून. महानुभाव लेखकांनी आठवणींत तफावत आढळली, तेव्हा एक पाठ दडपून दुसरा ठेवला नाही. कोणाची आठवण कशी, हे नावानिशी नोंदवले. कोणी काय म्हटले आणि कोणता पाठ कोठून आला, याची ही नोंद म्हणजे 'गिट'चेच काम, सात शतकांपूर्वीचे. पैठण मराठवाड्यात आहे आणि महानुभावांचे माहूर नांदेड जिल्ह्यात आहे. ही परंपरा आपल्या अंगणातली आहे.

नोंद राखली पण वाचणारा राखला नाही, तर काय होते, हेही मराठवाड्याने नुकतेच पाहिले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत निजामकालीन दप्तरे उघडली गेली. नोंदी होत्या, पण मोडीत आणि उर्दूत. त्या वाचू शकणारी माणसे शोधत फिरण्याची वेळ प्रशासनावर आली. ज्या विषयासाठी ती समिती होती, त्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. बोध एवढाच की कागद कपाटात सुरक्षित असणे आणि ज्ञान जिवंत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्तस्रोत आज्ञावली आपल्या संगणकात उतरवून ठेवली म्हणजे ती आपली झाली असे मानणारे, न वाचता येणाऱ्या दप्तरावर पहारा देणाऱ्यांसारखे आहेत.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : संगणकाचे काम इंग्रजीत चालते, मराठी विवरणाचा उपयोग काय? दुरुस्ती पाठवायची तर इंग्रजी हवेच, हे मान्य. परंतु विषय समजण्याची भाषा आणि पत्रव्यवहाराची भाषा एकच असली पाहिजे, असे कोठे आहे? जपानी, कोरियन अभियंतेही दुरुस्त्या इंग्रजीतच पाठवतात. तरीही त्यांनी आपापल्या भाषेत विवरण केले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीची मराठी पुस्तके तालुक्यातालुक्यात वाचली गेली, लाखोंनी वाचली. मात्र त्यांतून आपण प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस वापरणारे घडवले. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास प्रारंभ केला. त्या मुलांच्या हाती गाभ्याविषयी मराठीत काय द्यायचे? मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठीत उपलब्ध केले, ही मोलाची सुरुवात आहे. ती वापरापुरती आहे. गाभ्यापर्यंत जाणारी वाट अजून पाडायची आहे.

दुसरा आक्षेप : मराठीत प्रतिशब्दच नाहीत. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभार चालवण्यासाठी. शब्द कामातून येतात आणि कामात टिकतात. कर्नेल म्हणावे की गाभा, यावर परिसंवाद भरवण्यापेक्षा पहिली दहा पाने लिहावीत. चालणारा शब्द चालेल, न चालणारा गळून पडेल.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे : फुकटच्या कामात मुलाने वेळ का घालवावा? गाभ्यात होणारे बहुतांश काम आज पगारी अभियंते करतात. इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्या त्यासाठी माणसे ठेवतात. ज्याच्या नावावर स्वीकारलेल्या दुरुस्त्या आहेत, त्याचे काम जगातील कोणीही उघडून तपासू शकतो. नांदेडच्या मुलाला पुण्याच्या शिफारशीची गरज त्यात पडत नाही. पण केवळ नोकरीसाठी म्हणूनच हे करावे, असे नाही. ऋषिऋण नावाची कल्पना आपण मुलांना शिकवतो. ज्यांचे ज्ञान वापरतो, त्यांचे ऋण अध्ययनाने आणि ते पुढे देण्यानेच फिटते. तीस वर्षे आयते वापरून एक ओळही परत न करणाऱ्याने त्या शब्दाचा उच्चार कोणत्या तोंडाने करावा?

येथे केरळचे उदाहरण देणे भाग आहे. विचाराने आपल्या विरुद्ध टोकाला असलेल्या सरकारांच्या काळात, २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून केरळने आपल्या शाळा टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर नेल्या. मल्याळममधून मुले त्यावर शिकली. स्वदेशीचा उच्चार आम्ही करावा आणि आचार त्यांनी, हे आम्हाला शोभणारे नाही.

नांदेड-लातूरने काय करावे?

नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून उभी आहे. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणारे विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले, त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. लातुरात बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. मनुष्यबळ नाही, ही सबब चालणार नाही.

आणि लातूरकडे आणखी एक गोष्ट आहे : लातूर पॅटर्न. त्याच्यावर घोकंपट्टीचा आरोप होतो. तो अगदीच निराधार नाही. उत्तर आधीच ठरलेल्या प्रश्नांसाठी ही पद्धत घडली. गाभ्यातील दोषाचे उत्तर मात्र कोणत्याच मार्गदर्शिकेत छापलेले नसते. परंतु त्या पॅटर्नचा प्राण आहे सातत्य : रोजचा सराव, पुनःपुन्हा तपासणी, चूक सापडली की ती जाईपर्यंत पाठपुरावा. राखणदाराच्या अंगी नेमके हेच गुण लागतात. हे सातत्य दोन वर्षे प्रवेशपरीक्षेसाठी खर्च होते आणि प्रवेश मिळताच मावळते. ते पुढील चार वर्षे या कामाकडे वळवता येईल.

आरंभ छोटा असावा. प्रत्येक महाविद्यालयात पाच-सात मुलांचा गट आणि त्यांच्यामागे ठामपणे उभा राहणारा एक प्राध्यापक पुरेसा आहे. गाभ्याची आज्ञावली उतरवून घ्यावी आणि स्वतः बांधून चालवून पाहावी. तिचे विवरण तयार करताना जे इशारे पडद्यावर उमटतात, त्यातला प्रत्येक इशारा म्हणजे कोणाच्या तरी दुरुस्तीची वाट पाहणारी चूक असते. कोठे विवरण जुने झालेले, कोठे मुळीच नसलेले. तेथून सुरुवात करावी. दुरुस्ती नियमात बसते का, हे तपासणारी 'चेकपॅच' आणि ती कोणाकडे पाठवावी, हे सांगणारी 'गेट-मेंटेनर' अशी दोन साधने गाभ्यासोबतच येतात. पहिली दुरुस्ती परत येईल. दुसरीही येईल. टीका कठोर असेल, पण ती ओळीवर असेल, गावावर वा आडनावावर नसेल. त्याची सवय आपल्या मुलांना झाली, तर तो लाभ संगणकापुरता राहणार नाही.

याच्या जोडीने मराठी विवरण हाती घ्यावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे काम म्हणजे ग्रंथ छापून प्रकाशन समारंभ करणे नव्हे. मूळ विवरण दर आवृत्तीला बदलते आणि भाषांतर त्याच्यासोबत चालवावे लागते. मागे पडलेले भाषांतर वाचकाची दिशाभूल करते; ते नसलेलेच बरे. म्हणून शंभर पाने एकदा करण्यापेक्षा दहा पाने दहा वर्षे अचूक ठेवणारा गट उभा करावा. आजचे विद्यार्थी पदवी घेऊन जातील, तेव्हा त्यांच्या जागी धाकटे उभे असले पाहिजेत. ज्यांना शाखेची रीत ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका उत्सवाने कार्य उभे राहत नाही, रोजच्या उपस्थितीने राहते.

महाविद्यालयांनी स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्तीला अंतिम वर्षाच्या प्रकल्पाइतके गुण द्यावेत. विद्यापीठाने तशी तरतूद करावी. २०१५ साली केंद्र सरकारने कार्यालयांत मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. आता राज्याने एक पाऊल पुढे टाकून, ज्या मुक्तस्रोत प्रणाली आपली कार्यालये वापरतात, त्यांच्या देखभालीसाठी वेतन घेणारी माणसे नेमावीत. आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी मुलाला 'पॅकेज किती?' असे विचारताना, 'तू राखतोस काय?' हाही प्रश्न विचारावा.

येत्या काही वर्षांत राखणदारांच्या त्या यादीत नांदेड वा लातूरच्या एखाद्या मुलीचे नाव लागले आणि भाषांतरांच्या फळीवर मराठीचा कप्पा उघडला, तर नायरासारखा प्रसंग पुन्हा ओढवल्यास आपल्याला न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याखेरीज दुसरेही काही करता येईल. तोवर नव्या नावाच्या प्रत्येक स्वदेशी प्रणालीला एकच प्रश्न विचारत राहावे : हिचा राखणदार कोण?